शंत याकूबची वाट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

स्पेनच्या वायव्य टोकाला गॅलिसिया नावाचा प्रांत आहे. पावसाचा, हिरवागार, दगडी गडग्यांचा. हवेपुरतं बोलायचं तर आमच्या कोकणाचा चुलतभाऊच. तिथल्या सांतियागो दे कोम्पोस्तेला या गावी हजार-अकराशे वर्षं माणसं चालत जात आली आहेत. आपल्या वारीसारखी ठरलेली तिथी नाही, पालखी नाही, दिंडीचा क्रमांक नाही. ज्याने त्याने आपल्या सवडीने निघायचं. वाटाही एक नाही, अनेक आहेत. २०२४ साली तिथे पोचून नोंद करणाऱ्यांचा आकडा पाच लाखांच्या अगदी जवळ गेला होता. येत्या ऑक्टोबरात त्यांत आम्हा चौघांची भर घालावी असा बेत आहे. मी, पत्नी, एक निवृत्त प्राध्यापक मित्र आणि वहिनी. चौघांचीही पन्नाशी केव्हाच उलटलेली, दोघांच्या रक्तात साखर, एकाचा गुडघा बोलणारा, आणि सलग आठ दिवस चालण्याचा अनुभव कुणालाच नाही.

सुदैवाने पूर्ण वाट चालायची सक्ती नाही. फ्रान्सच्या सीमेपासूनची प्रसिद्ध वाट पावणेआठशे किलोमीटरची आहे. पण पोचल्याचं प्रमाणपत्र मिळायला पायी शंभर किलोमीटर पुरतात. तेवढ्या अंतरात दिवसाला किमान दोन ठिकाणी आपल्या पुस्तिकेवर शिक्के घ्यायचे, बस्स. काही जुन्या पदयात्रींना ही सवलत म्हणजे फसवणूक वाटते. मला तसं वाटत नाही. आमच्यातही प्रवासात चार रकातींची नमाज दोन रकातींत अदा करण्याची मुभा आहे, आणि हज फर्ज आहे तो ज्याच्याकडे ऐपत आणि ताकद आहे त्याच्यावर. मध्ययुगीन युरोप तर याहून पुढे गेला होता. श्रीमंत माणूस आपल्या वतीने दुसऱ्याला चालायला पाठवी, मृत्युपत्रात त्यासाठी रक्कम ठेवी. फ्लँडर्समधल्या शहरांत गुन्हेगाराला शिक्षा म्हणून सांतियागोला धाडत. म्हणजे भक्तांच्या त्या गर्दीत भाडोत्री आणि कैदीही होते.

बाराव्या शतकातल्या ‘कोडेक्स कॅलिक्स्तीनुस’ या हस्तलिखितात या वाटेची मार्गदर्शिका आहे. तिच्यात पिरेनीज पर्वतापासूनचे तेरा टप्पे दिले आहेत. शेवटचा टप्पा पालास ते सांतियागो, आणि लेखक म्हणतो की तो बेताचाच आहे. आजच्या मोजणीने तो जवळजवळ सत्तर किलोमीटर भरतो! हा गृहस्थ घोड्यावरून गेला असणार, निदान हे टप्पे लिहिताना तरी.

आता हा सांतियागो कोण? ‘सांत’ आणि ‘यागो’, म्हणजे संत याकूब. अरबी इतिहासकार गावाला ‘शंत याकूब’ म्हणत. मराठी कानाला त्यात ‘संत’ ऐकू येतो, पण लॅटिन ‘सांक्तुस’ आणि आपला ‘संत’ यांचं कूळ वेगळं. ध्वनी जुळला इतकंच. हा याकूब म्हणजे हजरत याकूब पैगंबर नव्हे, तर येशूच्या बारा शिष्यांपैकी एक, मासेमारी करणाऱ्या घरातला. इ. स. ४४ च्या सुमारास जेरुसलेममध्ये त्याचा शिरच्छेद झाला. त्याचा देह दगडी नावेतून गॅलिसियाच्या किनाऱ्याला लागला ही आख्यायिका. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात तेओदोमिरो नावाच्या बिशपला एक जुनी कबर सापडली, ती त्याने याकूबची म्हणून जाहीर केली आणि राजा दुसरा अल्फोन्सो दर्शनाला आला. हा तेओदोमिरो कल्पित नव्हता. १९५५ साली कॅथीड्रलच्या जमिनीखाली त्याची ८४७ सालची समाधिशिला मिळाली. कबर मात्र कुणाची, हे इतिहासाला सांगता येत नाही. पुढे १५८९ मध्ये इंग्रजांच्या हल्ल्याच्या भीतीने अस्थी लपवल्या गेल्या, आणि नेमक्या कुठे ते विसरलं गेलं. त्या मिळाल्या १८७९ मध्ये. मधली दोनशे नव्वद वर्षं माणसं चालत येतच होती.

मित्राने बेत सुचवला तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली ती गुडघ्यामुळे नव्हे. या संताचं एक दुसरं नाव आहे: ‘मातामोरोस’, मूरांना मारणारा. मूर म्हणजे स्पेनमधले मुसलमान. ८४४ साली क्लाविखोच्या लढाईत हा संत पांढऱ्या घोड्यावर बसून प्रकटला आणि त्याने मूरांची कत्तल केली, अशी कथा. आज स्पेनमधलेच इतिहासकार सांगतात की अशी लढाई झालीच नाही. ही गोष्ट बाराव्या शतकात, तीनशे वर्षांनी कागदावर आली, आणि कागद कशाचा? तर शेतकऱ्यांनी सांतियागोच्या चर्चला दरवर्षी धान्य आणि दारू द्यावी, हा हक्क सांगणारा बनावट दानपत्राचा. त्या कागदाच्या जोरावर वसुली शतकानुशतकं चालली. १८१२ साली काडिझच्या संसदेने ती रद्द केली. म्हणजे मासेमाराला घोड्यावर बसवलं ते देवाने नव्हे, वसुलीवाल्यांनी. पण मूर्ती घडल्या, चित्रं रंगली, आणि जी गोष्ट घडली नाही ती लोकांनी हजार ठिकाणी डोळ्यांनी पाहिली.

जे घडलं ते वेगळं आहे, आणि ते आमच्या बाजूने फार अभिमानाचं नाही. ९९७ च्या जुलैमध्ये कोर्दोबाच्या खलिफाचा हाजिब, म्हणजे खरा सत्ताधारी, अल-मन्सूर सैन्य घेऊन निघाला. पायदळ आणि रसद त्याने जहाजांतून समुद्रमार्गे पोर्तूपर्यंत पाठवली. दुएरो नदी ओलांडायला त्याच जहाजांचा पूल केला. वाटेत काही ख्रिस्ती सरदार त्याला सामील झाले होते, हेही नोंदलं पाहिजे; धर्माच्या रेषा तेव्हाही पुस्तकात दिसतात तितक्या सरळ नव्हत्या. ऑगस्टमध्ये सैन्य शंत याकूबला पोचलं तेव्हा गाव रिकामं होतं. गाव आणि चर्च त्यांनी उद्ध्वस्त केलं. कबरीला मात्र हात लावला नाही. इब्न इझारी या इतिहासकाराने एक प्रसंग नोंदवला आहे: कबरीपाशी एक म्हातारा साधू एकटा बसलेला आढळला. इथे काय करतोस, असं विचारल्यावर त्याने सांगितलं की तो याकूबला सोबत करतो आहे. अल-मन्सूरने त्याला त्रास न देण्याचा हुकूम दिला.

या स्वारीवर इब्न दर्राज अल-कस्तल्ली या दरबारी कवीने कसीदा रचला. मोठा कवी. मी त्याच जमातीतला लहानसा माणूस, म्हणून सांगतो: जळत्या गावावर रचलेला कसीदा कितीही देखणा असला तरी त्यात तो म्हातारा साधू मावत नाही.

चर्चच्या घंटा काढल्या गेल्या आणि ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवरून कोर्दोबाला नेल्या गेल्या. तिथल्या महान मशिदीत त्या उलट्या टांगून त्यांचे दिवे केले. १२३६ मध्ये तिसऱ्या फर्नांदोने कोर्दोबा जिंकलं, आणि त्याच घंटा परत सांतियागोला पाठवल्या. या वेळी मुसलमान कैद्यांच्या खांद्यांवरून. मधे २३९ वर्षं गेली. आजच्या रस्त्याने हे अंतर नऊशेहून अधिक किलोमीटर आहे. राजांची नावं दोन्ही वेळा नोंदली गेली. खांदे देणाऱ्यांपैकी एकाचंही नाव इतिवृत्तांत नाही, ना त्यांचं ना आमच्यांचं.

हे वाचलं आणि कुठल्या वाटेने चालायचं याचा निकाल लागला. नवखे लोक बहुधा सारिया गावापासून फ्रेंच वाटेने निघतात. सोय चांगली, पण गर्दी मोठी. आम्ही ठरवतो आहोत ती पोर्तुगीज वाट: मिन्यो नदीकाठच्या तुई गावापासून सांतियागोपर्यंत, सुमारे ११८ किलोमीटर. अल-मन्सूरचं सैन्यही दक्षिणेकडून, पोर्तूवरूनच वर आलं होतं. चढउतार त्यातल्या त्यात सौम्य. तरणी माणसं हे सहा दिवसांत उरकतात. आम्ही नऊ घेणार. पहिल्या दिवशी पोरिन्यो, मग रेदोन्देला, मग आर्काद्यापर्यंत फक्त सात किलोमीटर, मग पोन्तेवेद्रा. पोन्तेवेद्रा ते काल्दास हे बावीस किलोमीटर मधेच मुक्काम करून तोडायचे. काल्दासला गरम पाण्याचे झरे आहेत, आणि वहिनींनी नकाशावर लाल खूण केलेलं तेवढं एकच ठिकाण आहे. पुढे पाद्रोन. हेच जुनं इरिया, तेओदोमिरोचं बिशपपद जिथलं, आणि अल-मन्सूरने सांतियागोआधी लुटलं तेही हेच. रोसालिया दे कास्त्रो ही कवयित्री इथेच १८८५ मध्ये वारली. गॅलिशियन ही खेडवळांची बोली समजली जात असताना तिने १८६३ साली त्या बोलीत कवितासंग्रह काढला. तुम्ही मराठीत कसे काय लिहिता, असं मला अजूनही कौतुकाने विचारलं जातं. म्हणून तिच्या घरासमोर जरा जास्त वेळ थांबणार आहे.

ऑक्टोबरात तिथे सूर्य उशिरा उगवतो. गॅलिसिया पश्चिमेला, पण घड्याळ मध्य युरोपचं. महिन्याच्या मध्याला उजाडायला पावणेनऊ होतात. तेव्हा पहाटे उठून चालू लागणं हे आपल्याकडचं शहाणपण तिथे अंधारात ठेचकाळण्याचं. पाऊस गृहीत धरायचा. पाठीवरचं ओझं रोज पुढच्या मुक्कामी पोचवायचं काम स्पेनचं पोस्ट खातं पैसे घेऊन करतं. मित्राला हे अपमानास्पद वाटलं. मी त्याला अल-मन्सूरची जहाजं दाखवली. बूट नेहमीपेक्षा अर्धा आकडा मोठे, कारण चालून पाय सुजतात. साखर असलेल्यांनी रोज रात्री तळवे उजेडात तपासायचे. संवेदना कमी झालेल्या पायाला फोड कळत नाही. आणि निघण्याआधी निदान तीन महिने त्याच बुटांत रोज चालायचं. हे आम्ही सुरू केलं आहे.

खाण्याचं म्हणाल तर तिथल्या प्रसिद्ध भाजीच्या सारात डुकराची चरबी असते, ते विचारून घ्यावं लागेल. पण आम्ही कोकणातले शाफई. समुद्रातलं आम्हाला सगळं चालतं, आणि गॅलिसियात समुद्रातलं सगळं मिळतं.

राहता राहिली ती घोड्यावरची मूर्ती. २००४ साली कॅथीड्रलच्या व्यवस्थापनाने ती हलवून संग्रहालयात ठेवण्याचं जाहीर केलं होतं. ओरड झाली, निर्णय मागे घेतला गेला. त्यानंतर घोड्याच्या टापांखालचे मूर फुलांनी झाकले गेले. झाकणं हा काही निकाल नव्हे. पण जी लढाई झालीच नाही तिच्यातले मेलेलेही फुलांखाली गेले, याचं मला वाईट वाटत नाही.

पोचल्यावर नोंदणीच्या कचेरीत चालण्याचं कारण विचारतात: धार्मिक, आध्यात्मिक की अन्य. पहिल्या दोघांना लॅटिनमधलं ‘कोम्पोस्तेला’ मिळतं, तिसऱ्याला वेगळं प्रमाणपत्र. मित्राने ‘आध्यात्मिक’ ठरवून टाकलं आहे. दोघी म्हणतात, आधी पोचू तर दे. मला त्या म्हाताऱ्या साधूचं उत्तर द्यावंसं वाटतं, पण तसा रकाना त्या अर्जात नाही.