बंदूक खाली करण्याची सोय: ‘रेड व्हर्सेस ब्लू’ची कथा

नोव्हेंबर २००४ मध्ये ‘हेलो २’ हा व्हिडिओ गेम बाजारात आला, तेव्हा त्यात एक अजब सोय दडलेली होती. शत्रूला गोळ्या घालण्यासाठीच रचलेल्या या खेळात एक विशिष्ट आज्ञा दिली की सैनिक बंदूक खाली करून स्वस्थ उभा राही. सामना जिंकायला तिचा काडीचाही उपयोग नव्हता. ‘बंजी’ या निर्मात्या कंपनीने ती ठेवली होती ती या खेळात नाटक बसवणाऱ्यांसाठी, आणि त्यांत सर्वांत पुढे होती टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरातली एक मित्रमंडळी. त्यांच्या नाटकाचा हा धागा.

या नाटकाचे मूळ १९९६ मध्ये सापडते. त्या वर्षी ‘इड सॉफ्टवेअर’चा ‘क्वेक’ हा खेळ आला. त्यात खेळलेला सामना ‘डेमो’ नावाच्या फाइलमध्ये साठवून ठेवता येत असे. ही फाइल म्हणजे चित्रफीत नव्हे. कोण कुठे होता, कोणी काय केले, एवढीच तिच्यात नोंद असे आणि ती पाहायची तर पाहणाऱ्याकडेही ‘क्वेक’ असावा लागे. चित्रफितीपेक्षा तिला संगीताची लिखित स्वरलिपी म्हणणे अधिक योग्य. वाद्य ज्याचे त्याने आणायचे.

ऑक्टोबर १९९६ मध्ये ‘रेंजर्स’ नावाच्या खेळाडूंच्या टोळीने अशाच एका डेमोतून जेमतेम दीड मिनिटाची गोष्ट सांगितली. तिचे नाव ‘डायरी ऑफ अ कॅम्पर’. कॅम्पर म्हणजे एकाच जागी दबा धरून बसणारा, आणि म्हणून सर्वांच्या शिव्या खाणारा खेळाडू. आवाज नाहीत, संवाद पडद्यावरच्या अक्षरांत. शेवटी कॅम्पर मारला जातो आणि त्याचे तुटलेले मुंडके ‘क्वेक’चे एक प्रमुख रचनाकार जॉन रोमेरो यांचे असल्याचे उघड होते. ज्याने खेळ रचला त्याचीच टिंगल त्याच्याच खेळात! पुढच्या काळात हा प्रकार अनेकदा गंभीर झाला, पण जन्माला आला तो थट्टेतून.

या कलेचे बारसेही जवळपास थट्टेतच झाले. ‘मशीन’ आणि ‘सिनेमा’ यांची सांगड घालणारा शब्द १९९८ च्या सुमारास अँथनी बेली यांनी सुचवला. स्कॉटलंडच्या ह्यू हॅनकॉक यांच्याकडून त्याचे स्पेलिंग चुकले आणि ‘मशिनिमा’ हे रूप रूढ झाले. जानेवारी २००० मध्ये हॅनकॉक यांनी त्याच नावाचे संकेतस्थळ सुरू केले. तरीही हा सारा व्यवहार जाणकारांच्या वर्तुळापुरता राहिला. ज्याच्याकडे खेळ नाही, त्याने तो पाहावा तरी का, हा प्रश्न सुटला नव्हता.

तो सोडवला बर्नी बर्न्स, मॅट हलम, जेफ रॅमसी, गस सोरोला आणि जोएल हेमन या मंडळींनी. त्यांच्या हाती होता २००१ चा ‘हेलो’ आणि मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स हे यंत्र. सप्टेंबर २००२ मध्ये त्यांनी एक छोटी झलक केली आणि ती तशीच पडून राहिली. पुढे संगणकीय खेळांच्या एका मासिकाने आपल्या सीडीसाठी रॅमसी यांच्याकडे दुसरीच एक चित्रफीत मागितली, तेव्हा बर्न्स यांना त्या अर्धवट झलकेची आठवण झाली. १ एप्रिल २००३ रोजी ‘रेड व्हर्सेस ब्लू’चा पहिला भाग आंतरजालावर आला. सहा-आठ भागांत गोष्ट आटोपायची, असा बेत होता. पहिल्या पर्वमालेचेच शंभर भाग झाले.

चित्रीकरणाची रीत मोठी मजेशीर होती. केबलने जोडलेल्या एक्सबॉक्सवर प्रत्येक जण एकेक सैनिक चालवी. त्यांतला एक खेळाडू लढत नसे, बोलतही नसे. त्याची नजर हाच कॅमेरा. मात्र त्याच्या पडद्यावर त्याची स्वतःची बंदूक आणि खेळाची आकडेवारी दिसायची. ती झाकण्यासाठी वर-खाली काळ्या पट्ट्या ओढल्या गेल्या. चित्रपटगृहातल्या रुंद पडद्याचा जो डौल त्यातून आला, तो खरे तर झाकपाकीचा परिणाम! सैनिकांचे चेहरे शिरस्त्राणात बंद, त्यामुळे ओठ जुळवण्याची कटकट नव्हती. बोलणाऱ्याने मान हलवायची, एवढाच अभिनय. कळसूत्री बाहुल्यांच्या खेळात हललेल्या बाहुलीलाच आपण बोलती समजतो, तेच येथेही घडले.

अडचण बंदुकीची होती. ‘हेलो’तला प्रत्येक सैनिक समोरच्यावर सतत नेम धरून उभा. दोन मित्र गप्पा मारताहेत आणि दोघांनीही एकमेकांवर शस्त्र रोखले आहे, असे दृश्य विनोदी ठरले तरी निभावणारे नव्हते. मग त्यांना खेळातलाच एक दोष सापडला: सैनिकाच्या हाती पिस्तूल देऊन नजर जमिनीकडे वळवली की इतरांना तो मान सरळ ठेवून, हात खाली सोडून उभा असलेला दिसे. त्या दोषावर पहिल्या भागांचा सारा डोलारा उभा राहिला. ‘हेलो २’ मध्ये तो दुरुस्त झाला आणि त्याची जागा आरंभी सांगितलेल्या सोयीने घेतली. प्रेक्षकांची गैरसोय होऊ नये म्हणून रंगमंचच बदलून देण्याचा हा प्रकार मनोरंजनाच्या इतिहासात विरळाच म्हणावा लागेल.

तंत्र झाले, पण लोक पाहत राहिले ते लेखनामुळे. एका ओसाड दरीत समोरासमोर दोन तळ, लाल आणि निळा. युद्ध कशासाठी, हे कोणालाच ठाऊक नाही. लाल तळ येथे का, तर समोर निळा आहे म्हणून. आणि निळा का, तर समोर लाल आहे म्हणून. पहिल्याच दृश्यात एक सैनिक दुसऱ्याला विचारतो, आपण येथे का आहोत? दुसरा विश्व, ईश्वर, अस्तित्व यांवर घसरतो. पहिल्याला अभिप्रेत असते ती फक्त ही दरी.

येथे तारखेकडे लक्ष द्यायला हवे. अमेरिकेने इराकवर स्वारी केली ती २० मार्च २००३ रोजी. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत हा संवाद आंतरजालावर आला. मालिकेला युद्धविरोधी प्रचार म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. झलक तर आधीच्या सप्टेंबरातली. तिचा रोख लष्करी जीवनातल्या कंटाळ्यावर, निरर्थक हुकुमांवर आणि बढाईखोर वरिष्ठांवर आहे. रॅमसी यांनी स्वतः अमेरिकी लष्करात नोकरी केली होती, हेही ध्यानात घ्यावे. पण विनोद ज्या क्षणी ऐकला जातो, तो क्षणही त्याच्या अर्थात भर घालतोच.

मग आला मालकीचा प्रश्न. खेळ, सैनिक, दरी, सारे मायक्रोसॉफ्टचे. कंपनीचा संपर्क झाला तेव्हा मालिका बंद पडण्याचीच भीती होती. प्रत्यक्षात परवाना शुल्क न घेता ती चालू ठेवायला संमती मिळाली. हे औदार्य होते की फुकटच्या जाहिरातीचा हिशेब? बहुधा दोन्ही. मात्र तो हक्क नव्हता, मर्जी होती. ऑगस्ट २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने सर्वांसाठी लेखी नियम काढले, तेव्हा त्यांत प्रामुख्याने विनाव्यापारी वापरालाच मुभा होती. ऑस्टिनच्या मंडळींना जे साधले, ते नंतर येणाऱ्या प्रत्येकाला साधेलच, असे नव्हते.

यूट्यूबचा जन्म २००५ चा. त्याआधीची दोन वर्षे प्रत्येक भाग प्रेक्षकाने संकेतस्थळावरून उतरवून घ्यायचा आणि त्याचा भार निर्मात्यांनी सोसायचा. वर्गणीदारांना भाग आधी दाखवणे आणि डीव्हीडी विकणे यांवर ‘रूस्टर टीथ’ ही कंपनी उभी राहिली. (कंपनीचे नाव म्हणजे मालिकेतल्याच एका शिवीचे सोवळे रूप. अधिक खोलात शिरू नये!) जून २००७ मध्ये शंभरावा भाग आला. २०१० च्या आठव्या पर्वात माँटी ओम यांच्या संगणकीय अ‍ॅनिमेशनने हाणामारीची दृश्ये झळाळून उठली. ती देखणी खरीच. पण मान हलवून बोलणाऱ्या बाहुल्यांचे जुने अवघडलेपण त्यात हरपले, अशी रुखरुख वाटल्यावाचून राहत नाही.

२०१४ मध्ये कंपनी विकली गेली आणि हस्तांतरे होत होत वॉर्नरच्या छत्राखाली आली. हॅनकॉक यांनी सुरू केलेले ‘मशिनिमा’ हे नावही २००६ नंतर दुसऱ्यांच्या हाती जाऊन मोठे यूट्यूब जाळे बनले होते; तेही अखेर त्याच घराण्यात पोहोचले. जानेवारी २०१९ मध्ये त्या जाळ्याच्या वाहिनीवरील चित्रफिती एकाएकी प्रेक्षकांसाठी बंद झाल्या. अनेक निर्मात्यांचे वर्षानुवर्षांचे काम एका दिवसात दिसेनासे झाले. मार्च २०२४ मध्ये ‘रूस्टर टीथ’ बंद होण्याची घोषणा झाली. मे महिन्यात मालिकेचा अखेरचा चित्रपट आला आणि त्यानंतर काही दिवसांत संकेतस्थळही मावळले. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्न्स यांनी आपल्या नव्या कंपनीमार्फत ‘रूस्टर टीथ’चे नाव परत विकत घेतले.

‘डायरी ऑफ अ कॅम्पर’चे मात्र वेगळेच घडले. ‘क्वेक’चा मूळ संकेत डिसेंबर १९९९ मध्ये सर्वांसाठी खुला करण्यात आला, त्यामुळे हा खेळ नव्या संगणकांवरही चालत राहिला. इंटरनेट आर्काइव्ह आणि स्टॅनफर्ड विद्यापीठ यांनी मिळून मशिनिमाचा संग्रह उभारला. १९९६ मधली ती चिमुकली डेमो फाइल आजही चालवता येते: पडद्यावर अक्षरे उमटतात, कॅम्पर कोपऱ्यात दबा धरून बसतो आणि रोमेरो यांचे मुंडके पुन्हा एकदा जमिनीवर घरंगळते.