कुरतडलेल्या पेल्याचं कूळ

रोमच्या एका माजी कॉन्सलला आपला पेला इतका प्रिय होता, की पिता पिता तो त्याची कड दातांनी कुरतडायचा. पेला मुर्रिना नावाच्या दगडाचा, किंमत ७० हजार सेस्टर्स. कड खराब झाल्यावर त्याचा भाव उतरला नाही, उलट चढला, असं रोमन लेखक थोरला प्लिनी लिहितो. ही भांडी रोमला प्रथम आणली पाँपेनं, इसवी सनापूर्वी ६१ मध्ये, पूर्वेकडच्या विजयानंतर. पुढे सम्राट नीरोनं एका पेल्यासाठी १० लाख सेस्टर्स मोजले. त्याच्या दरबारातल्या पेट्रोनियसनं तर मरण्याआधी आपलं ३ लाखांचं ओगराळं फोडून टाकलं, नीरोच्या हाती पडू नये म्हणून.

मुर्रिना म्हणजे नेमका कोणता दगड, यावर विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाही. एक पक्ष म्हणतो अकीक, म्हणजे आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत थराथरानं साचणारा सिलिका. त्यांचा साक्षीदार रोमन कवी प्रॉपर्शियस: तो हे पेले पार्थियाच्या, म्हणजे प्राचीन इराणच्या, भट्टीत भाजल्याचं सांगतो, आणि खंबायतचे कारागीर अकीक भाजूनच लाल करतात. पुरावा वजनदार आहे. पण मला तो पटत नाही, आणि त्याचं कारण त्या कॉन्सलचे दात.

अकीकाचा कठीणपणा साधारण ७, दाताच्या कवचाचा ५. जन्मभर चावला तरी अकीक दाद देणार नाही. दुसऱ्या पक्षाचा उमेदवार आहे फ्लोरस्पार. त्याचा कठीणपणा ४. त्यावर दात उमटतात. जांभळ्या-पांढऱ्या रंगांची प्लिनीनं केलेली वाखाणणीही त्याला शोभते. ब्रिटिश म्युझियममधले क्रॉफर्ड आणि बार्बर हे दोन रोमन पेले फ्लोरस्पारचेच आहेत. प्लिनी या दगडाला सुगंध असतो म्हणतो, तेही उलगडतं. फ्लोरस्पार घडवताना चिरतो. इंग्लंडमध्ये डर्बीशरचे कारागीर आपला ‘ब्लू जॉन’ फ्लोरस्पार तापवून त्यात राळ मुरवत, म्हणजे तो फुटत नसे. बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टननं १७७० च्या सुमारास त्याच दगडाच्या कलशांना सोन्याचा मुलामा दिलेली पितळी कोंदणं चढवली. रोमन कारागिरांनीही राळ वापरली असेल, तर वास राळेचा, आणि प्रॉपर्शियसचं भाजणंही अकीकवाल्यांच्या हातून निसटतं.

आता ज्या धाग्यासाठी मी हे सगळं लिहितो आहे, तो. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या प्रवासवर्णनात, ‘पेरिप्लस’मध्ये, भडोचला येणाऱ्या मालाची नोंद आहे. पैठणहून गाड्यांनी, वीस दिवसांच्या अवघड वाटेनं, ऑनिक्स म्हणजे अकीकाच्याच जातीचा, पट्ट्यांचा सुलेमानी दगड भरपूर येतो. उज्जैनहूनही ऑनिक्स येतो, आणि त्याच्या जोडीला मुर्रिना. दोन्ही नावं वेगळी लिहिली आहेत. घाटावर उभं राहून माल पारखणाऱ्या माणसाला हे दोन दगड एक वाटले नाहीत. शिवाय पैठणच्या नावावर मुर्रिना नाही. आपल्या सातवाहनांच्या राजधानीला तो मान द्यायला मला फार आवडलं असतं, पण नोंद तसं म्हणत नाही.

मग उज्जैनच्या बाजूला फ्लोरस्पार आहे का? भडोचच्या वरच्या अंगाला, नर्मदेच्या उत्तरेस, छोटा उदेपूर जिल्ह्यात आंबाडुंगर आहे. विसाव्या शतकात तिथं फ्लोरस्पारचा मोठा साठा हाती लागला आणि कडीपाणीला त्याचा कारखाना निघाला. दख्खनच्या लाव्हाच्याच काळातला हा ज्वालामुखी. त्याच्या तापल्या द्रावांतून हा दगड जमला. प्लिनीची समजूतही अशीच होती, की मुर्रिना म्हणजे जमिनीखाली उष्णतेनं घट्ट झालेला ओलावा. माळव्यातून भडोचकडे उतरणाऱ्या तांड्यांना हा डोंगर फार आडवाटेला नव्हता. माझा तर्क असा, की पेरिप्लसमधला मुर्रिना इथला.

यावर आक्षेप आहे, आणि तो बळकट आहे. प्लिनी मुर्रिनाचं मूळ पार्थियात, विशेषतः कर्मानियात, म्हणजे आजच्या कर्मानच्या बाजूला, सांगतो. त्याला खोटं पाडायची गरज मला वाटत नाही. दगड दोन्हीकडून येत असावा, आणि भडोचचा काही माल इराणच्या किनाऱ्यानं गेल्यावर पार्थियाच्याच नावानं खपत असावा. मागणी एवढी होती, की इजिप्तच्या डायोस्पोलिसमध्ये काचेचा नकली मुर्रिना बनत होता. तोही पेरिप्लसमध्येच नोंदलेला आहे.

पैठणच्या दगडाच्या जातीला मात्र जास्त आयुष्य लाभलं. मुर्रिना मऊ, म्हणून बहुतेक नाहीसा झाला, ऑनिक्सच्याच जातीचा सार्डोनिक्स टिकला. अलेक्झांड्रियात कोरलेला मानला जाणारा सार्डोनिक्सचा एक पेला बाराव्या शतकात सेंट डेनिसचा मठाधिपती सुजे याच्या हाती आला. त्यानं त्याला सोनेरी मुलाम्याच्या चांदीचं, रत्नजडित कोंदण केलं. आज तो वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. रोमनांच्या लेखी उत्तम सार्डोनिक्स भारताचा, तेव्हा हा दगड गोदाकाठानं गाडीत चढला असेल असं मी खुशाल मानतो.

मुर्रिनाचं तसं मानून भागणार नाही. आंबाडुंगरचा खडक दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांनी भरलेला आहे, आणि त्यांचं प्रमाण फ्लोरस्पारच्या खाणीगणिक वेगळं असतं. लंडनमधल्या त्या दोन पेल्यांचं प्रमाण आंबाडुंगर आणि कर्मान या दोन्हींशी ताडून पाहायला हवं.