बाजाराची वही व यंत्राची वही

वऱ्हाडांतील कापसाच्या बाजाराचा इतिहास हा बऱ्याच अंशीं देखरेखीचा इतिहास होय. १८९७ सालीं या प्रांताकरितां कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. दलाल व मापारी यांस परवाने घ्यावे लागले आणि बाजारावर समिति आली. मात्र तींत प्राबल्य व्यापाऱ्यांचें. कापूस पिकविणारा शेतकरी बाहेरच राहिला. १९२७ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्यानें उत्पादकांस समितींत जागा दिल्या. देखरेख असून भागत नाहीं. ज्याचें हित तींत गुंतलें त्यासहि तिच्यावर नजर टाकतां आली पाहिजे, हा या तीस वर्षांचा धडा.

अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत युनिक्स व लिनक्स शिकणाऱ्यांस हाच धडा निराळ्या वेषांत भेटतो, परंतु त्याकडे फारसें कोणी पाहत नाहीं. एका संगणकावर अनेकांनीं एकाच वेळीं काम करावें, अशी युनिक्सची मूळची रचना. १९७१ च्या नोव्हेंबरांत तिची पहिली पुस्तिका निघाली. तींत 'हू' ही आज्ञा आहेच. ती दिली कीं या क्षणीं कोण कोणत्या टर्मिनलवर आहे, तें कळतें. टर्मिनलांच्या नांवांत आजहि येणारीं 'टीटीवाय' हीं अक्षरें तारेच्या टंकयंत्राची, टेलिटाइपरायटरची, खूण आहेत. कोण केव्हां आला व केव्हां गेला याची वही वेगळी; 'लास्ट' ही आज्ञा ती उलगडून दाखविते.

त्याच सुमारास स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेंत लेस अर्नेस्ट यांनीं पाहिलें, कीं तेथील अशाच यादीवरून बोट फिरवीत लोक नांवें शोधितात. त्यांनीं केलेल्या सोयीस म्हणून 'फिंगर' हें नांव मिळालें. अडत्याच्या गादीवर खातें शोधणारा आमचा दिवाणजी याहून निराळें काय करीत असे? पुढें १९७९ च्या सुमारास बर्कलेच्या आवृत्तींत 'डब्ल्यू' व 'स्क्रिप्ट' आल्या. पहिली कोण काय करीत आहे तें सांगते. दुसरी ही आपली आपण ठेवावयाची रोजकीर्द होय. ती सुरू केल्यावर पडद्यावर उमटणारें अक्षर न् अक्षर फाईलींत उतरतें.

यांतील मोठा गुण आमच्या मतें हा, कीं 'हू' व 'लास्ट' यांच्या वह्या परंपरेनें साध्या विद्यार्थ्यासहि उघड्या असत. एखादी फाईल नाहींशी होऊन रात्रीं काम करणाऱ्यावर आळ आला, तर त्याचा पहिला साक्षीदार हीच वही. अर्थात् यंत्राच्या व्यवस्थापकास ती पुसतांहि येते. तेव्हां एकट्या तिच्यावर निवाडा करूं नये.

या जुन्या वहीचें कालमापन २०३८ च्या जानेवारीपलीकडे चालत नाहीं. म्हणून २०२५ सालच्या डेबियन १३ मध्यें जुनी 'लास्ट' मूळ संचांतून गेली व नवी वही आली. वह्या बदलोत, परंतु ज्याची नोंद, त्यास ती वाचतां यावी, हा नेम मात्र बदलूं नये.