थांबण्याची ताकद

अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव कोरडवाहू. दिवाळी तोंडावर आली की कापसाच्या खेडा खरेदीचा व्यापारी काटा घेऊन ओसरीवर यायचा. भाव तोच सांगायचा, पैसे रोख द्यायचा. पुढे भाव चढेल असं वडिलांना वाटायचं. पण किराण्याची उधारी आणि सालदाराचे पैसे डोक्यावर असत. त्यांना थांबणं परवडत नव्हतं, आणि व्यापाऱ्याला ते पक्कं ठाऊक होतं.

1972 मध्ये राज्याने कापूस एकाधिकार खरेदी सुरू केली. खासगी खरेदी बंद झाली. कापूस सरकार हमीभावाने घेणार, नफा शेतकऱ्याला वाटणार, तोटा स्वतः सोसणार. काट्यावर जाण्याआधी वडिलांना भाव माहीत असायचा. समाजवादाचं बळ म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं.

पण खरेदी केंद्रांवर बैलगाड्यांच्या रांगा लागत, प्रतवारीवरून वाद होत, चुकारे हप्त्यांनी मिळत. ज्याला थांबणं परवडत नाही, त्यालाच योजना थांबायला लावू लागली. बाहेर भाव चढला की शिरपूरकडून मध्य प्रदेशातल्या सेंधव्याला आणि नवापूरकडून गुजरातेत कापूस चोरून जायचा. तेजीतला माल असा निसटायचा, मंदीतला तोटा तिजोरीत साचायचा. 2002 च्या सुमारास एकाधिकार सुटला.

भांडवलाची दुसरी बाजूही अमळनेरनेच दाखवली. प्रतापशेठांनी 1906 मध्ये इथे कापड गिरणी काढली, 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभारलं. त्यांच्या नावाच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी 1924 ते 1930 शिक्षक होते. श्रीमंताच्या औदार्यातून गावाला एवढं मिळालं. पण औदार्यावर कुणाचा हक्क नसतो. गिरणी बंद पडली तेव्हा मागे राहिले ते बेकार कामगार.

1945 मध्ये महंमद हशम प्रेमजींनी अमळनेरातच वनस्पती तुपाची कंपनी काढली. तीच आजची विप्रो. गावातल्या ज्यांनी तिचे शेअर वर्षानुवर्षं विकले नाहीत, त्यांच्यातले अनेक कोट्यधीश झाले. एवढी संपत्ती कुठल्याही खरेदी केंद्राने कधी निर्माण केली नसती, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. पण ती मिळाली शेअर पेटीत ठेवून वाट पाहू शकणाऱ्यांना. कापूस मात्र घरात वाढत नाही. त्याचं वजन घटतं आणि सावकाराचं व्याज चढतं.

2022 च्या हंगामातला कापूस खानदेशात लोकांनी महिनोन् महिने घरात भरून ठेवला. आदल्या वर्षी क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलेला भाव परत येईल, ही आशा होती. तो आला नाही.

भांडवलशाही थांबू शकणाऱ्याला फळ देते. बाकीच्यांना थांबता यावं, एवढं काम समाजवादाने करावं: गावाजवळ गोदाम, मालाच्या पावतीवर स्वस्त कर्ज आणि चुकारा त्याच दिवशी. माझ्या वडिलांना याहून जास्त काही नको होतं.