काडतुसाची ओळख: हॉलिवूडमधील शस्त्रसुरक्षेचा इतिहास

चित्रीकरणस्थळांवर शस्त्रांमुळे घडलेल्या अपघातांचा मागोवा घेतला असता असे दिसते, की त्यांचे मूळ बंदूक खरी असण्यात जितके असते, त्यापेक्षा अधिक ती नेमकी कशाने भरली आहे हे न ओळखण्यात असते. खऱ्या काडतुसाचे चार भाग असतात: धातूचे कवच, त्यातील बंदुकीची दारू, बुडाशी बसवलेला व आघाताने पेटणारा प्रायमर, आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. यातील गोळी वगळून कवचाचे तोंड मुडपले किंवा त्यात कागदाचे अथवा प्लास्टिकचे बूच, म्हणजे वॅड, बसवले, की ‘ब्लँक’ तयार होते. त्यातून आवाज, धूर आणि ज्वाळा मिळते, परंतु गोळी सुटत नाही. याउलट ‘डमी’ काडतुसात गोळी असते, पण दारू नसते आणि प्रायमरही निकामी केलेला असतो. रिव्हॉल्व्हर कॅमेऱ्याच्या दिशेने रोखले असता फिरत्या चक्रीतील गोळ्यांची टोके समोरून दिसतात, म्हणून जवळून घेतलेल्या दृश्यांत डमी लागते, तर बार उडाल्याचा परिणाम साधायचा असेल तेथे ब्लँक लागते. परिणामी एकाच शस्त्रात एकाच दिवशी दोन्ही प्रकारची काडतुसे आलटूनपालटून भरावी लागतात, आणि बहुतेक दुर्घटनांची बीजे या अदलाबदलीत आढळतात.

मूकपटांच्या काळात तर ही अदलाबदल खऱ्या काडतुसांशीच होत असे. सेसिल बी. डिमिल यांनी 1915 मध्ये दिग्दर्शित केलेल्या ‘द कॅप्टिव्ह’ या चित्रपटात सैनिक बंद दरवाजा फोडतात असे दृश्य होते, आणि लाकडाच्या ढलप्या खरोखर उडाव्यात म्हणून आधी खऱ्या गोळ्या झाडण्यात आल्या. त्यानंतर बंदुकांत ब्लँक भरण्याची सूचना देण्यात आली, तरी एका बंदुकीत खरे काडतूस तसेच राहिले आणि गर्दीतील एक नट डोक्यात गोळी लागून जागीच ठार झाला. 1919 च्या ऑगस्टमध्ये विनोदी नट हॅरॉल्ड लॉइड यांनी प्रसिद्धीसाठीच्या छायाचित्रणात शोभेचा समजून हाती घेतलेला बॉम्ब प्रत्यक्षात स्फोटक निघाला, आणि त्यात त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी गेली. पुढील चित्रपटांत, 1923 च्या ‘सेफ्टी लास्ट’मध्येही, त्यांना हे व्यंग झाकणारा खास हातमोजा घालावा लागला. या दोन्ही घटनांत धोकादायक वस्तू आणि तिची निरुपद्रवी प्रतिकृती एकत्र ठेवली गेली होती व दोहोंतील भेद कोणाच्याही लक्षात आला नव्हता. तरीही भिंतींचे टवके उडवण्यासाठी निष्णात नेमबाजांकडून खऱ्या गोळ्या झाडून घेण्याची प्रथा बोलपटांच्या आरंभीही टिकून होती, आणि 1931 च्या ‘द पब्लिक एनिमी’मध्ये जेम्स कॅग्नी यांनी भिंतीआड डोके मागे घेताच तिच्या कोपऱ्यावर मशीनगनच्या खऱ्या गोळ्यांचा मारा करण्यात आला होता.

याच सुमारास शस्त्रपुरवठा हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून उभा राहत होता. हॉलिवूडमध्ये स्टेमब्रिज यांची आणि लंडनमध्ये बॅप्टी ही संस्था चित्रपटांना भाड्याने शस्त्रे देऊ लागली, आणि शस्त्र पुरवणे, ते भरणे, नटाच्या हाती देणे व दृश्य संपताच परत घेणे ही कामे एका जबाबदार माणसाकडे असावीत, हा संकेत अशा संस्थांच्या कामातून रुळत गेला. आज या तंत्रज्ञाला आर्मरर म्हणतात. वेस्टर्नपटांची संख्या वाढल्यावर तीन वेगवेगळ्या व्यासांच्या रिव्हॉल्व्हरांत आणि त्यांपैकी दोन व्यासांच्या रायफलींत, अशा एकूण पाच प्रकारच्या शस्त्रांत चालणारे ‘फाइव्ह-इन-वन’ नावाचे ब्लँक प्रचारात आले. त्यामुळे काम सोपे झाले, आणि चित्रीकरणासाठीचे काडतूस ही खऱ्या दारूगोळ्यापासून वेगळी ठेवण्याची वस्तू आहे ही जाणीवही दृढ होण्यास मदत झाली.

ब्लँक म्हणजे निरुपद्रवी, हा समज मात्र दीर्घकाळ टिकला. ब्लँकमधील दारू पेटताच निर्माण होणारा तप्त वायू नळीच्या तोंडातून प्रचंड दाबाने बाहेर पडतो आणि वॅड वापरले असल्यास तेही वेगाने फेकले जाते. काही मीटर अंतरावर हा जोर ओसरतो, परंतु नळी शरीराला टेकलेली असेल तर तो प्राणघातक ठरतो. 12 ऑक्टोबर 1984 रोजी ‘कव्हर अप’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या चित्रीकरणात खोळंबा झाला असता नट जॉन-एरिक हेक्सम यांनी ब्लँक भरलेले .44 मॅग्नम रिव्हॉल्व्हर थट्टेत स्वतःच्या कानशिलाला लावून चाप ओढला. त्या आघाताने कवटीचा तुकडा मेंदूत घुसला आणि सहा दिवसांनी त्यांना मृत घोषित करण्यात आले. शस्त्र थेट माणसावर न रोखता किंचित बाजूला रोखावे आणि ते समोरच रोखले आहे असा भास कॅमेऱ्याच्या कोनातून निर्माण करावा, या नियमामागील कारण अशा घटनांवरून स्पष्ट होते.

31 मार्च 1993 रोजी नॉर्थ कॅरोलायनातील विल्मिंग्टन येथे ‘द क्रो’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात नट ब्रँडन ली यांचा झालेला मृत्यू अधिक गुंतागुंतीचा होता, कारण तेथे एकामागून एक झालेल्या चुका परस्परांना जोडल्या गेल्या. जवळून घ्यावयाच्या दृश्यासाठी खऱ्या काडतुसांतील दारू काढून, गोळ्या पुन्हा बसवून डमी तयार करण्यात आल्या, परंतु प्रायमर जिवंतच राहिले. त्यांपैकी एका काडतुसावर घोडा पडला, तेव्हा केवळ प्रायमरच्या जोराने गोळी कवचातून सुटली आणि नळीतच अडकून बसली. पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक भरताना नळी तपासली गेली नाही, आणि ब्लँकच्या पूर्ण दाबाने ती अडकलेली गोळी 28 वर्षांच्या ली यांच्या पोटात शिरली. डमी व ब्लँक यांपैकी कोणतेही एकटे काडतूस येथे घातक ठरले नसते. दोहोंच्या संयोगाने मात्र जवळजवळ खऱ्या काडतुसाइतकाच परिणाम साधला. कोणावरही फौजदारी खटला झाला नाही, आणि राज्याच्या कामगारसुरक्षा विभागाने निर्मिती कंपनीला केलेला 84,000 डॉलरचा दंडही पुढे 55,000 डॉलरवर आणला गेला.

अमेरिकेतील निर्माते आणि कामगार संघटना यांच्या संयुक्त सुरक्षा समितीच्या सूचनापत्रांत शस्त्रांविषयीचे पत्र पहिल्या क्रमांकाचे आहे. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजून हाताळावे, चित्रीकरणस्थळी खरा दारूगोळा आणू नये, आणि नियुक्त व्यक्तीखेरीज इतरांनी शस्त्र सुपूर्द करू नये, हे त्यांतील मुख्य दंडक होत. डमी ओळखता यावी म्हणून तिच्या कवचाला छिद्र पाडण्याची किंवा हलवल्यावर खुळखुळेल असा छर्रा आत घालण्याची रीतही रूढ झाली. तथापि ही सूचनापत्रे मार्गदर्शक होती, कायदा नव्हती, आणि त्यांचे पालन प्रत्येक निर्मितीच्या वेळापत्रकावर, खर्चावर व शिस्तीवर अवलंबून राहिले.

या अवलंबित्वाचा परिणाम 21 ऑक्टोबर 2021 रोजी न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’ या चित्रपटाच्या चित्रीकरणस्थळी दिसला. तेथे याआधी चुकून बार उडाल्याच्या घटना घडल्या होत्या, आर्मररवर इतर सामानाची कामेही सोपवलेली होती, आणि त्याच सकाळी कॅमेरा विभागातील अनेकांनी कामाच्या परिस्थितीविषयी तक्रार करून स्थळ सोडले होते. दृश्याची केवळ जुळवाजुळव चालू असताना, शस्त्र ‘कोल्ड’ आहे, म्हणजे त्यात उडणारे काडतूस नाही, असे जाहीर करण्यात आले. प्रत्यक्षात डमी काडतुसांत एक खरे काडतूस मिसळले होते, आणि अभिनेते ॲलेक बाल्डविन यांच्या हातातील रिव्हॉल्व्हरमधून सुटलेल्या गोळीने छायाचित्रणकार हलिना हचिन्स यांचा मृत्यू झाला व दिग्दर्शक जोएल सूझा जखमी झाले. चक्रीतील प्रत्येक काडतूस बाहेर काढून कानाशी खुळखुळवले असते, तर हा भेद काही क्षणांत उघड झाला असता; परंतु ज्यांनी तपासायचे होते त्यांनी आधीच्या तपासणीवर भिस्त ठेवली.

त्यानंतरची कारवाई जबाबदारीच्या प्रश्नाभोवती फिरत राहिली. राज्याच्या सुरक्षा विभागाने निर्मिती कंपनीला 1,36,793 डॉलरचा दंड केला, जो पुढे तडजोडीत 1,00,000 डॉलर झाला. सहायक दिग्दर्शकाने घातक शस्त्राच्या निष्काळजी वापराच्या आरोपाला आव्हान न देता सहा महिन्यांची परिवीक्षा स्वीकारली. आर्मररला 2024 मध्ये अनैच्छिक मनुष्यवधासाठी 18 महिन्यांची शिक्षा झाली. आणि बाल्डविन यांच्यावरील खटला, अभियोग पक्षाने पुरावा दडवल्याच्या कारणावरून, त्याच वर्षीच्या जुलैत रद्द झाला. अभिनेत्यांच्या संघटनेची भूमिका अशी होती, की शस्त्राची तपासणी हे तज्ज्ञाचे काम असून नटाकडून त्या ज्ञानाची अपेक्षा करणे चुकीचे आहे. 2023 मध्ये कॅलिफोर्नियाने चित्रपटांच्या करसवलतींसंबंधीच्या कायद्यात शस्त्रसुरक्षेच्या तरतुदी घातल्या, तर काही निर्मात्यांनी रबरी शस्त्रे वापरून ज्वाळा संगणकावर रेखाटण्याचा मार्ग पत्करला.

1915 पासून 2021 पर्यंतच्या या घटनांत ज्ञानाची उणीव क्वचितच आढळते, कारण खरी, ब्लँक आणि डमी काडतुसे वेगळी ठेवण्याची आवश्यकता आरंभीच स्पष्ट झाली होती. उणीव होती ती तपासणीला वेळ, स्वतंत्र माणूस आणि काम थांबवण्याचा अधिकार मिळण्याची, आणि यांपैकी एकही गोष्ट बिनखर्ची नव्हती. नियम सुचवणारी सूचनापत्रे हा खर्च निर्मात्याच्या मर्जीवर सोडत असत. कायदा तो अनिवार्य करतो. म्हणून सूचनेकडून कायद्याकडे चाललेला हा प्रवास, रबरी शस्त्रे व संगणकीय ज्वाळा यांच्या प्रसारापेक्षाही, या इतिहासातील अधिक महत्त्वाचा टप्पा मानावा लागतो.