गॅसच्या आडचं स्वादुपिंड

१७ मार्च २०१९ ला मनोहर पर्रीकर गेले, तेव्हा स्वादुपिंडाचा कर्करोग हे नाव आमच्या घरात पहिल्यांदा ऐकलं. परवा पुण्यात बाबांची सोनोग्राफी झाली. रिपोर्टमध्ये एक ओळ होती: गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसलं नाही. मी ‘सगळं नॉर्मल’ म्हणून फाईल मिटतच होतो!

हा अवयव जठराच्या मागे असतो आणि ध्वनिलहरी वाटेतल्या गॅसवरूनच परत फिरतात. म्हणून १९८० च्या सुमारास अमेरिका आणि जर्मनीतल्या डॉक्टरांनी सोनोग्राफीचा प्रोबच एंडोस्कोपच्या टोकाला बसवून जठरात उतरवला. आता मधे फक्त जठराची भिंत! बाहेरून निसटणारी लहान गाठही दिसू लागली.

थोडक्यात, ‘दिसलं नाही’ म्हणजे ‘काही नाही’ नव्हे. ती ओळ दाखवायला उद्या आम्ही डॉक्टरांकडे चाललोय.