बँटिंगचं डाएट

"पांढरं बंद कर, वजन उतरेल." मंडळी, हा सल्ला रील्सच्याही खूप आधीचा आहे. लंडनचे विल्यम बँटिंग अंत्यविधीची व्यवस्था करायचे. वजन २०२ पौंड, म्हणजे जवळपास ९२ किलो. वाकून बुटाची नाडी बांधता येईना. होडी वल्हवली, तर भूकच वाढली! ऐकू कमी येतं म्हणून १८६२ मध्ये ते डॉ. विल्यम हार्वींकडे गेले. हार्वींनी सांगितलं: पाव, साखर, बटाटे, दूध, लोणी, बिअर शक्यतो टाळा. वर्षभरात ४६ पौंड उतरले. १८६३ मध्ये त्यांनी हा अनुभव पुस्तिकेत छापला आणि 'बँटिंग' म्हणजेच डाएट झालं. पण एक लक्षात घ्या, ते उपाशी राहिले नाहीत. मांस, मासे, भाज्या, फळं, दिवसातून चार वेळा खायचे. मैदा-साखर ताटातून काढताय? मग त्या जागी काय वाढणार, तेही ठरवा.